रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह दोन बाजूंना वेगळी का वळते?

परळ_फर्स्टइयर: स्वरयंत्राचे स्नायू हलवणाऱ्या या दोन नर्व्हपैकी उजवी सबक्लेव्हियन या हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून वळते, डावी मात्र पार छातीत उतरून महाधमनीखालून. पाठ झालंय, पण कारण कुणी सांगेल का?

सायनची_ताई: कारण गर्भात आहे, आणि फार सुंदर आहे! चौथ्या आठवड्यात मानेपाशी फॅरिंजियल आर्च, म्हणजे कमानीसारखे उंचवटे, उमटतात. प्रत्येकीची स्वतःची धमनी, कूर्चा, स्नायू, नर्व्ह. ही नर्व्ह सहाव्या आर्चची, सुरुवातीला दोन्हीकडे सहाव्या धमनीखालूनच जाते. पुढे हृदय छातीत उतरतं. उजवीकडे सहाव्या धमनीचा बाहेरचा भाग नाहीसा होतो, म्हणून नर्व्ह वरच्या चौथीला अडकते. तीच पुढे सबक्लेव्हियनचा सुरुवातीचा भाग. डावीकडे तो भाग डक्टस आर्टेरिओसस (गर्भात फुप्फुसाची धमनी महाधमनीला जोडणारी नळी) म्हणून टिकतो आणि नर्व्हला खाली ओढून नेतो. चित्र स्वतः काढ, रंगीत पेन्सिलीने.

दादर_झूलॉजी: बाजारात सुरमईचं कल्ल्यावरचं झाकण उचलून बघ. कल्ल्यांना धरणाऱ्या त्या कमानी याच आर्चपासून होतात. पण माणसाच्या गर्भाला कल्ले कधीच फुटत नाहीत, पेपरात तसं लिहू नकोस. आपल्यात पहिल्या आर्चपासून कानातली हातोडी आणि ऐरण ही हाडं, दुसरीपासून रिकीब हे तिसरं हाड.

परळ_फर्स्टइयर: ताई, म्हणजे डावी स्वरतंतू लुळी पडली की छातीचा एक्स-रे याचसाठी काढतात ना?

सायनची_ताई: अगदी. फुप्फुसातली गाठही तिथे नर्व्ह दाबू शकते.