घोडीला गुरांचं जंताचं इंजेक्शन चालेल का?

प्रश्न: सारंगखेड्याच्या बाजारातली मारवाडी घोडी, ४ वर्षांची. गाईंसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन शिल्लक आहे. तेच टोचू का? वजनकाटा नाही, मग मात्रा कशी ठरवायची?

उत्तर १: टोचू नका. घोड्याला त्या जागी सूज येते, कधी क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूचा जीवघेणा संसर्गही होतो. घोड्यांसाठीची आयव्हरमेक्टिनची पेस्ट जिभेच्या मुळाशी सोडा. आधी तोंडातला चारा काढा, नाहीतर घासाबरोबर औषध थुंकेल.

वजनासाठी पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. घेर १६५, लांबी १६० असेल तर साधारण ३६७ किलो. किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ७३ मिलिग्रॅम. अंदाजाने कमी दिलं की जंत औषधाला सरावतात.

उत्तर २: आधी ताजी लीद तपासून घ्या. दर दोन महिन्यांनी डोळे झाकून औषध पाजणं हा निव्वळ खर्च. आणि गोचिडांसाठी गुरांवर फवारतात ते अमिट्राझ घोडीला लावू नका, आतडं मंदावून पोटशूळ उठतो.

उत्तर ३: धनुर्वाताची लस झाली आहे का? नसेल तर डॉक्टरांना पहिलं तेच विचारा.