चर्चा: लिनक्सवर फॅनचे आकडे दिसावेत म्हणून चिपचा ड्रायव्हर जबरदस्तीने चढवावा का?

अंबडचा टर्नर
माझं मत स्पष्ट आहे. वर्कशॉपच्या पीसीवर लिनक्स टाकलं की त्याच दिवशी एलएम-सेन्सर्स (तापमान, फॅन, व्होल्टेजचे आकडे दाखवणारं साधन) बसवायचं, त्यातलं चिप शोधणारं 'सेन्सर्स-डिटेक्ट' चालवायचं, आणि मदरबोर्डवरच्या सेन्सर चिपचा ड्रायव्हर अडला तर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, 'बायोसशी टक्कर झाली तरी चढू दे' असं सांगणारा 'एसीपीआय_एन्फोर्स_रिसोर्सेस=लॅक्स' पर्याय देऊन तो चढवायचाच.

आमच्या अंबडच्या शेडमधला ड्रॉइंगचा पीसी एप्रिलमध्ये रोज दुपारी तीनच्या सुमाराला फटकन बंद पडायचा. 'सेन्सर्स' कमांडमध्ये एकट्या कोअरटेम्पचे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सेन्सरचे आकडे, ९८ अंश. प्रोसेसर तापतोय एवढं कळलं, पण का तापतोय ते कळेना. प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदलली. झाकण उघडून पाहिलं तर फॅन फिरतोय, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशयच गेला नाही. शेवटी फॅनचा वेग मोजणाऱ्या चिपचा ड्रायव्हर, एनसीटी६७७५, चढवायला गेलो, तर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी'. लॅक्स दिलं, रीबूट केलं, आणि प्रोसेसरच्या फॅनसमोर आकडा आला ४८० आरपीएम! कूलंटची वाफ आणि धूळ बसून बेअरिंग जड झालं होतं. नवा फॅन त्याच जागी १९०० ने फिरतो. नुसत्या डोळ्याला हा फरक दिसला नव्हता.

गोदाकाठ
निदान अचूक केलंत, पण लॅक्सचा सल्ला सगळ्यांना देऊ नका, कळकळीने सांगतो. कर्नल 'बिझी' म्हणतो त्यामागे कारण असतं. फॅन आणि तापमान मोजणाऱ्या या 'सुपर आय-ओ' चिपशी बोलायची रीत दोन टप्प्यांची असते: आधी एका पोर्टवर रजिस्टरचा (चिपमधल्या कप्प्याचा) नंबर लिहायचा, मग शेजारच्या पोर्टवरून त्यातली किंमत वाचायची किंवा लिहायची. त्याच पोर्टांवर बायोसचा एसीपीआय (हार्डवेअर सांभाळणारा) कोडही काम करत असतो. तुमच्या ड्रायव्हरने नंबर लिहिला आणि तेवढ्यात बायोसने आपला नंबर लिहिला, तर तुम्ही वाचता ते भलतंच रजिस्टर. वाचताना झालं तर आकडा चुकतो. लिहिताना झालं तर तापमानाच्या मर्यादेची किंमत फॅनच्या रजिस्टरमध्ये जाऊन बसू शकते. हे महिनोन् महिने घडत नाही आणि मग एका दुपारी घडतं.

आयबीएमच्या जुन्या थिंकपॅडची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. सेन्सर शोधायला आय-टू-सी बस (चिपांना जोडणारा मार्ग) धुंडाळताना काही मॉडेलांचा ईईप्रॉम (सेटिंग साठवणारी चिप) खराब झाला आणि लॅपटॉप चालूच होईनात. म्हणून पुढे आय-टू-सी-पीआयआयएक्स४ या ड्रायव्हरमध्ये आयबीएमचं मशीन दिसलं की लोड व्हायलाच नकार देण्याची सोय करावी लागली. 'सेन्सर्स-डिटेक्ट' आजही एसएमबस (आय-टू-सीचाच प्रकार) तपासण्याआधी 'हा सगळ्यात जोखमीचा भाग' असं स्वतःच सांगतो. आपण मात्र न वाचता एंटर दाबत जातो.

प्रोसेसरच्या तापमानाचे ड्रायव्हर, इंटेलचा कोअरटेम्प आणि एएमडीचा के१०टेम्प, आपोआप चढतात. डिस्कच्या तापमानासाठी कर्नल ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून, ड्राइव्हटेम्प आहे. घरच्या मशीनला एवढं पुरतं.

अंबडचा टर्नर
घरच्या मशीनला पुरत असेल, भाऊ. आमच्याकडे पत्र्याखाली दुपारी भट्टी असते. तुमचं ऐकून मी ४८० चा आकडा बघितलाच नसता, तर तिसऱ्यांदा पेस्ट लावत बसलो असतो.

एमजी रोड दुरुस्ती
मी दोघांच्या मधला. ड्रायव्हर चढला म्हणजे आकडे खरे, असं अजिबात नाही. परवाच एक गिऱ्हाईक घाबरून आलं, एका तापमानासमोर १२७ अंश. चिपच्या त्या पायाला सेन्सर जोडलेलाच नव्हता! १२ व्होल्टचंही तसंच. चिप तेवढा व्होल्टेज थेट मोजू शकत नाही, बोर्डवर रेझिस्टर लावून तो कमी केलेला असतो, आणि कोणते रेझिस्टर ते ड्रायव्हरला ठाऊक नसतं. आधी बायोसच्या पडद्यावरचे आकडे कागदावर लिहून घ्या, मग जुळवा. जे जुळत नाही त्याला 'ईटीसी/सेन्सर्स.डी'मधल्या फाइलीत 'इग्नोर' करून लपवा किंवा आकडा सुधारणारी 'कम्प्यूट'ची ओळ लिहा. ही अर्ध्या तासाची मेहनत कुणी करत नाही याचं मला वाईट वाटतं.

ओझरचं पॅकहाऊस
स्क्रिप्टमध्ये सेन्सरच्या फोल्डरचा 'एचडब्ल्यूमॉन२' असा नंबर पक्का लिहू नका. ऐन द्राक्षांच्या हंगामात एका अपडेटनंतर आमचे नंबर बदलले आणि अलार्म दुसऱ्याच सेन्सरवर लक्ष ठेवून बसला. त्या फोल्डरमधली 'नेम' फाइल वाचून मगच ठरवा.

सिडकोची स्नेहल
लॅक्स सगळ्याच ड्रायव्हरांना दार उघडतं, हा मुद्दा राहिला. आयटीई कंपनीच्या चिपांचा ड्रायव्हर आयटी८७ याला 'इग्नोर_रिसोर्स_कॉन्फ्लिक्ट' हा स्वतःचा पर्याय आहे, त्यामुळे सूट त्या एकट्यालाच मिळते. चिप आयटीईची असेल तर आधी हे करून बघा.

अंबडचा टर्नर
माझी चिप नुव्होटन कंपनीची, त्यामुळे तो पर्याय मला नाही. लॅक्स मी ठेवणार. पण गोदाकाठ म्हणतात तो लिहिण्याचा धोका मला पटला. आज फॅनचा वेग बदलणारी 'फॅनकंट्रोल' सेवा बंद केली, वेग बायोसच सांभाळेल, मी फक्त वाचेन.

गोदाकाठ
'फॅनकंट्रोल'ची सेटिंग बनवणारा 'पीडब्ल्यूएमकॉन्फिग'ही चालवू नका, तो तपासताना फॅन थांबवतो. आणि बोर्ड असुसचा आहे का? त्यांच्या बऱ्याच बोर्डांवर नव्या कर्नलमधला एनसीटी६७७५ डब्ल्यूएमआयच्या (बायोसने दिलेल्या दाराच्या) वाटेने, बायोसला विचारूनच वाचतो. तसं असेल तर एकदा लॅक्स काढून रीबूट करा आणि 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या नोंदींत) काय येतं ते इथे टाका.