प्रायश्चित्त नेमकं कोणी घ्यायचं? (शब्दचर्चा)

परवा मालवणात शेजारच्या मावशींची वर्षाची मिस होती (मिस म्हणजे मिस्सा, चर्चमधला ख्रिस्ती उपासनेचा विधी, आमच्याकडे सगळे मिसच म्हणतात), आजीला घेऊन गेलो होतो. हातात छापील कागद दिलेला, त्यात एक ओळ होती, ख्रिस्त हाच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे अशा अर्थाची. आजीने चष्मा वर सरकवून ती दोनदा वाचली आणि माझ्या कानाशी लागून, "पाप आमचा आणि प्राचित तेका? ह्या खयचा रे?"

हसू आलं, पण प्रश्न बिनतोड आहे. मराठीत प्रायश्चित्त ज्याचं त्याने घ्यायचं असतं ना? उपास करा, दान द्या, पंचगव्य घ्या, काय ते स्वतः. माणूसच प्रायश्चित्त 'आहे' हा प्रयोग मी तरी पहिल्यांदाच वाचला. भाषांतराची चूक आहे की मुद्दाम केलंय? आणि शेवटी एक त की दोन?

———

दोन त. प्राय म्हणजे तप आणि चित्त म्हणजे निश्चय अशी जुनी फोड सांगतात, म्हणून. एका त-चं सर्रास छापतात ते सोडून द्या.

मी सावंतवाडीकडची, घरात ख्रिस्ती धर्मच, त्यामुळे हा शब्द लहानपणापासून कानावर आहे आणि गंमत म्हणजे आमच्यातही तो दोन अर्थांनी चालतो. कुमसाराला, म्हणजे पाद्रींपुढे पापं कबूल करायला गेलं की ते सांगतात अमुक प्रार्थना म्हण, ते प्रायश्चित्त आपणच करायचं, म्हणजे तुमच्या आजीचाच अर्थ. पण कागदावरची ओळ बायबलमधल्या योहानाच्या पहिल्या पत्रातली, तिथे अर्थ वेगळा. मूळ हिब्रू कल्पना झाकण्याची, पुसून टाकण्याची आहे, देव आणि माणूस यांच्यामध्ये जे आलंय ते दूर करायचं, आणि ते माणसाला स्वतःच्या तपाने जमत नाही हेच तर ख्रिस्ती श्रद्धेचं म्हणणं, म्हणून दुसऱ्याने केलेलं. शब्द आपला, आत भरलेला माल वेगळा. चूक नाही म्हणणार मी, पण शब्द थोडा अवघडलाय खरा.

आपल्या किनाऱ्यावर ही ओढाताण जुनीच. फादर स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे, 1579 साली गोव्यात आले, सासष्टीत राहिले आणि 1616 साली रायतूरला त्यांचं ख्रिस्तपुराण छापून झालं, जवळजवळ 11 हजार ओव्या, मराठीत, मधेमधे कोंकणी शब्द. येशूची गोष्ट सांगायला त्यांनी पुराणाचाच साचा घेतला, दुसरा हाताशी होता कुठे.

———

मला 'खंडणी' खटकतो. मार्काच्या शुभवर्तमानात येशू आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून देतो असं मराठीत आहे. अहो आज खंडणी म्हटलं की डोळ्यासमोर पोलीस ठाणं येतं! आणि जुन्या अर्थाने घेतली तरी मांडलिकाने वर्षाच्या वर्षाला भरायची ती खंडणी, म्हणजे पुन्हा दरसालचं आलंच. मूळ ग्रीक शब्द गुलामाला किंवा कैद्याला सोडवायला मोजलेल्या किमतीचा आहे. मी असतो तर सरळ 'सोडवणुकीची किंमत' लिहिलं असतं.

———

अलिबागहून. दरसालवरून आठवलं, आमच्या भागातले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, ज्यांना शनवार तेली म्हणत, त्यांच्यात प्रायश्चित्ताच्या दिवसाला दरफाळणीचा सण म्हणायचे. दारं लावून दिवसभर घरात, उपास, पांढरे कपडे. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागात, त्या दिवशी दोन बकरे असत, एकाचा बळी, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांची पापं ठेवून त्याला रानात हाकलून द्यायचं. म्हणजे बघा, पापं वाहून नेणारा बकरा जिवंतच जायचा. आपण ऑफिसात कोणावर खापर फुटलं की 'बळीचा बकरा' म्हणतो त्यात हे दोन्ही बकरे एकच झालेत.

———

सावंतवाडीची परत लिहितेय. अलिबागकरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. बायबलमधल्या 'इब्री लोकांस पत्र' याचा सगळा मुद्दा तोच आहे की तो विधी दरवर्षी करावा लागे यातच कळतं की पाप काही जात नव्हतं, उलट दरवर्षी त्याची आठवण तेवढी व्हायची. आपल्याकडे राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला, वर्षाला कोंबो (कोंबडा) द्यायचाच, एक वर्ष चुकलं की घरात बोलणी सुरू, त्याच्याशी ताडून बघा म्हणजे 'एकदाच' या शब्दाचं वजन कळेल. त्या पत्रात याजक (देवळातला पुरोहित) रोज उभा राहून तेच यज्ञ करतो आणि ख्रिस्त एकच यज्ञ करून बसला असं लिहिलंय. उभा आणि बसला, एवढ्या दोन शब्दांत सगळं आलं. वधस्तंभावरचं वाक्यही 'पूर्ण झाले' नाही, 'पूर्ण झाले आहे' असं आहे. तो 'आहे' उगाच नाही, ग्रीकमध्येही क्रियापदाचं रूप झालेलं आणि तसंच टिकून राहिलेलं अशा अर्थाचं आहे.

———

मग ताई, एकदाच झालं तर मिस रोज कशाला? हे मात्र आजीने नाही, मीच विचारतोय.

———

हाहा, यावर युरोपात शेकडो वर्षं भांडणं झालीत, मी दोन ओळीत काय मिटवणार. कॅथलिक शिकवण अशी की मिस म्हणजे नवा बळी नाही, तोच एक यज्ञ वेदीवर समोर येतो. प्रोटेस्टंट लोकांना हे पटत नाही, ते प्रभुभोजन म्हणतात, त्यातही एकेकाचं मत वेगळं. शब्दापुरतं बोलायचं तर 'पुन्हा करणं' आणि 'समोर आणणं' यातला फरक मराठीत पकडणारं एक क्रियापद मला अजून सापडलेलं नाही, कोणाला सुचलं तर लिहा.

———

आजीला सगळं वाचून दाखवलं. बकऱ्यांचं ऐकून घेतलं, खंडणीला नाक मुरडलं, ग्रीकच्या वेळी डुलकी. उभा आणि बसलाच्या जागी मात्र डोळे उघडले, "मगे बसाक गावला मां तेका, बरा झाला," म्हणाली आणि ह्या वर्षीच्या कोंब्याचे पैसे कपाटातून काढून माझ्या हातात दिले.