'ॲसेप्टिक वॉल्व्ह'ला मराठीत काय म्हणावे?

तापीकाठ: केळीचा गर भरणाऱ्या जळगावकडच्या ऑपरेटरांसाठी मराठी सूचना लिहायच्या आहेत. 'निर्जंतुक झडप' चालेल का? आणि 'मिक्सप्रूफ'ला काय?

केळफूल: निर्जंतुक ही अवस्था झाली. १२१ अंशांची वाफ अर्धा तास खेळवली की साधा वॉल्व्हही आतून निर्जंतुक होतो. घोळ पुढे आहे. त्याची उघडझाप करणारी दांडी वर गेली की ओला भाग सीलपलीकडे हवेत येतो आणि खाली जाताना तिथले जंतू गरात नेतो. ॲसेप्टिक वॉल्व्हमध्ये दांडीभोवती पोलादाचा किंवा टेफ्लॉनचा बेलो, म्हणजे घड्यांची लवचिक नळी असते, नाहीतर पडदा (डायफ्रॅम). दांडी हलते, पण बाहेरचा भाग आत येतच नाही. म्हणून 'हवाबंद'च्या चालीवर 'जंतुबंद' म्हणा. बेलोला 'भाता' आहेच, लोहाराने कधीचाच देऊन ठेवलाय.

पांझराकाठ: जंतुबंद झकास! पण झडप कोण म्हणतं, भाऊ? ठिबकवाला शेतकरीसुद्धा 'वॉल' म्हणतो. झडप हृदयातली, नाहीतर बिबट्याची. 'जंतुबंद वॉल्व्ह' लिहा.

तापीकाठ: मग मिक्सप्रूफ म्हणजे 'भेसळरोधक'?

केळफूल: नको. भेसळ माणूस मुद्दाम करतो, ही 'सरमिसळ', म्हणून 'सरमिसळरोधक'. एका पाइपात गर, दुसऱ्यात धुण्याचा कॉस्टिक. मध्ये दोन स्वतंत्र बैठका (सीट, जिथे वॉल्व्ह टेकून बंद होतो) आणि त्यांच्यामध्ये बाहेर उघडणारी पोकळी. एक सील गेले तर गळती पोकळीतून खाली पडते, पलीकडच्या पाइपात जात नाही. फरशी ओली होते म्हणून त्या तोंडाला कोणी बूच मारले, की पोकळीत दाब साठतो आणि दुसरे सीलही ओलांडतो. ही सूचना ठळक छापा.

पांझराकाठ: दोन्ही शब्द एक समजू नका मात्र. साध्या सरमिसळरोधकाची पोकळी उघड्या हवेत, म्हणजे तो जंतुबंद नव्हे. जंतुबंद प्रकारात दोन्ही दांड्यांना भाते असतात, पोकळीत वाफ सोडतात.

तापीकाठ: नोंदवहीत सगळे 'वॉल लीक' एवढंच लिहितात.

केळफूल: तेच मोडायला हवं. 'बैठकीची गळती' म्हणजे वॉल्व्ह बंद असूनही माल पुढे सरकतो. बहुधा बैठकीवर गराचा तंतू अडकलेला असतो किंवा रबर कापलेले असते. 'भात्याची गळती' म्हणजे दांडीजवळच्या तपासणी-छिद्रातून थेंब. पोलादी भाता उघडझाप करून थकतो, चिरतो. पाण्याचा हातोडा (वॉटर हॅमर, वाहता प्रवाह एकदम थांबल्यावरचा दाबाचा धक्का) बसला तर लवकरच. वाफेनंतर निर्जंतुक हवेचा दाब न देता थंड केले तर आत निर्वात होऊन पडदाही ओढला जातो. बैठक गळली तर पलीकडे काय होते ते आधी पाहावे लागते. भाता गळला तर जंतुबंदपणाच गेला: भरणे थांबवायचे, शेवटच्या चांगल्या तपासणीनंतरचे ड्रम बाजूला काढायचे, भाता बदलून पुन्हा वाफ द्यायची.

पांझराकाठ: आणि 'टपकतंय' लिहिलं असेल तर कुठून टपकतंय, तो रकानाही ठेवा.