मदत हवी आहे: सोलच्या जोंगनो भागात एका दिवसात काय काय होईल?

आईबाबांना घेऊन सोलला चाललोय, जोंगनोसाठी एकच दिवस आहे आणि तोही नेमका मंगळवार, म्हणजे १३९५ चा ग्योंगबोकगुंग राजवाडा बंद, डोक्याला ताप नुसता! मग विचार केला की मेट्रोच्या लाईन ३ च्या आनगुक स्टेशनला उतरून चांगदोकगुंग राजवाडा बघायचा (तो सोमवारी बंद असतो), तिथून बुकचोनची जुनी घरं, मग ग्वांगह्वामुन चौकात राजा सेजोंग आणि ॲडमिरल यी सुन-शिन यांचे पुतळे. १ मार्च १९१९ ला जिथे जपानपासून कोरियाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला ते तापगोल पार्क मला काहीही करून बघायचंय, जोंगनो ३-गा स्टेशनवरून चालत जाता येतं ना? बाबांचे गुडघे दुखतात, बुकचोनचा चढ झेपेल का? कोणी जाऊन आलंय का प्लीज सांगा.