नाताळचा गोठा: तुमच्या घरी कसा मांडता?

चरई, ठाणे (धागाकर्ती)

डिसेंबर लागला की आमच्या बिल्डिंगमध्ये दोनच प्रश्न असतात: केक कोण करणार आणि पेंढा कुठून आणायचा. केकवर दरवर्षी बोलणं होतंच, म्हणून यंदा हा पेंढ्याचा धागा. ठाण्यापासून पनवेलपर्यंत जे कोणी घरी बेथलेहेममधल्या येशूजन्माचा देखावा, म्हणजे गोठा, क्रिब, गव्हाण काय म्हणाल ते मांडतात त्यांनी लिहा. जागा कुठली, मूर्ती कुठल्या, बाळ कधी ठेवता, सगळं कधी उचलता. ख्रिस्ती नसाल तरी लिहा. फक्त 'हे आपलं की परक्यांचं' हा वाद इथे नको.

माझ्यापासून सुरुवात. वन बीएचके घर, त्यामुळे टीव्हीखालचं कपाट हेच बेथलेहेम. ब्राउन पेपर चुरगळून, मैद्याची खळ लावून डोंगर करते. त्यावर चहाचा चोथा धुऊन, कडक वाळवून भुरभुरते. मातीचा रंग अगदी खरा येतो आणि फुकटात येतो. थर्माकोल नाही. राज्यात २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली तेव्हा मखरवाल्यांइतकीच आमच्याकडेही कुरकुर झाली होती, पण कागदाचे डोंगर थर्माकोलपेक्षा कितीतरी चांगले दिसतात. मूर्तींचा सहा इंची सेट वांद्र्याच्या हिल रोडवरचा, आईने घेतलेला. नवीन घेणाऱ्यांनी एक बघा: बाळ गव्हाणीतून सुटं निघतंय ना? काही सेटमध्ये ते चिकटवलेलंच येतं. मग २४ च्या रात्री ठेवणार काय?

नेरूळ

आम्ही ख्रिस्ती नाही. मुलीची शाळा कॉन्व्हेंट, तिथून हे घरात आलं. सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात मुलं दिवाळीचा किल्ला करतात. तो मोडायचा कंटाळा केला होता, म्हणून मुलीने त्यातच गोठा बसवला. विटा, गोणपाट, चिखल सगळं तयार. किल्ल्याच्या पोटातल्या भुयारात येशूचे आईवडील, मारिया-योसेफ. मी म्हटलं, अगं गोठा हवा, गुहा काय करतेस? तिच्या टीचरने सांगितलं की गुहाच जास्त जुनी. दुसऱ्या शतकापासून येशूचा जन्म गुहेत झाल्याचं लिहिलेलं आहे आणि बेथलेहेमच्या चर्चमध्ये आजही जन्मस्थान म्हणून तळघरातली गुहाच दाखवतात. मग काय, मी गप्प.

मावळ्यांच्या डोक्यावर फडकी बांधून मेंढपाळ केले. तोफा काढल्या. बुरुजावरचा भालेवाला मात्र तिने ठेवला. तो म्हणे हेरोद राजाचा शिपाई. महाराजांची मूर्ती आजोबांनी आधीच सन्मानाने घरात नेऊन ठेवली होती, नाहीतर त्यावरूनही सभा भरली असती.

वाशी

आम्ही मूळचे नगरकडचे, प्रोटेस्टंट. लहानपणी घरात मूर्ती नव्हत्याच. दारात चांदणी, रात्री गाणी म्हणत फिरणारी मंडळी, करंज्या-लाडू, एवढा आमचा नाताळ. जन्माचा देखावा व्हायचा तो संडे स्कूलच्या नाटकात. मी सलग काही वर्षं मेंढरू होतो, बढती मिळालीच नाही.

लग्न कॅथलिक घरात झालं. बायकोला गोठ्याशिवाय सण वाटेना, माझ्या आईला मूर्ती पटेनात. यावर तोडगा मुलाने काढला: जाड पुठ्ठ्याच्या आकृत्या कापून, मागून टेकू लावून उभ्या केल्या. चेहरे काढलेले नाहीत, नुसत्या काळ्या छाया, मागे पिवळा दिवा. आई आता स्वतः येऊन बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय त्याच्यासमोर वाचते. मारिया-योसेफला उतारशाळेत (धर्मशाळेत) जागा नव्हती ते वाक्य आलं की तिची ठरलेली टिप्पणी: "वाशीतही हीच गत आहे, भाडं बघितलंस का?"

घोडबंदर रोड, ठाणे

माहेर वसईचं. तिथे गावागावांत मोठे देखावे असतात, पाणी खेळवलेलं, हलती चित्रं, रात्रभर बघायला माणसं. इथे सतराव्या मजल्यावर बाल्कनी. तरी दोन गोष्टी मी सोडलेल्या नाहीत.

पहिली, नाचणी रुजवणं. पसरट ट्रेमध्ये बोटभर माती, रात्रभर भिजवलेली नाचणी दाट पसरायची, वर पुन्हा मातीचा पातळ थर आणि ओलं फडकं. कोंब दिसले की फडकं काढून उजेडात. घटस्थापनेला पेरतो तसंच, फक्त थंडीमुळे जरा सावकाश येतं. १४-१५ तारखेला पेरलं तर २४ ला छान हिरवळ मिळते. उशीर झाला असेल तर आळीव पेरा, चार-पाच दिवसांत येतो. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर बुरशी धरते. आणि ट्रे मूर्तींपासून थोडा लांब. प्लास्टर ऑफ पॅरिसला ओल लागली की पायाकडून रंग सुटतो.

दुसरी, पेंढा खरा. नोव्हेंबरपर्यंत इकडची भातकापणी उरकते, तेव्हा पनवेल, उरण, शहापूरकडचं कुणी ओळखीचं असेल तर एक पेंढी सहज मिळते. आमच्या शेजारच्या आगरी काकू भावाकडून आणून देतात. नाहीतर तबेल्यात विचारा. येऊरच्या जंगलातून गवत, शेवाळ, फांद्या आणू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, आणि 'थोडंसंच' म्हणत शंभर घरं थोडंसंच आणतात. पेंढा उन्हात घालून, झटकून मगच घरात घ्या. त्यात किडे असतात, सासूबाईंनी ऐन सणात पाहिले तर तुमचं काही खरं नाही.

कापसाचा बर्फ मी घालत नाही. बेथलेहेमला कधीमधी बर्फ पडतो, नाही असं नाही. पण माझ्या डोंगरावर नाचणी उगवलेली असताना बर्फ कसला?

बाळाला भेटायला देणग्या घेऊन येणारे तीन राजे आमच्याकडे २५ ला पोचत नाहीत. ते फ्रीजवरून निघतात आणि मुलगा रोज थोडं पुढे सरकवतो. फ्रीज, शोकेस, चपलांचं कपाट, सोफ्याचा हात. ६ जानेवारीला, किंवा चर्चमध्ये ज्या रविवारी राजांचा सण असेल तेव्हा, गोठ्यात. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते तिघे होते असं कुठे लिहिलेलंच नाही. देणग्या तीन, म्हणून माणसं तीन. सोनं, ऊद, गंधरस. त्या संध्याकाळी घरात खरा ऊद जाळतो, तो वास माझ्या आजीच्या घराचा आहे.

ऐरोली

इलेक्ट्रिकची कामं करतो म्हणून सांगतो. कोरडा पेंढा, कापूस, ब्राउन पेपर आणि त्यात चिनी माळा, हे बघून माझ्या पोटात गोळा येतो. जुन्या बारीक बल्बच्या माळा तापतात, त्या फेकून द्या. एलईडी वापरा, अ‍ॅडॉप्टर पेंढ्याच्या बाहेर ठेवा, जोड उघडा नको. झोपताना आणि मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनेला) निघताना बटण बंद. मेणबत्ती गोठ्यात अजिबात नको, बॅटरीवरची ठेवा.

सीवूड्स

शेजारच्या आजी देशस्थ, सोवळ्या वगैरे. पहिल्या वर्षी गोठा बघायला आल्या. सगळं निरखलं आणि मला विचारलं, "एवढ्या थंडीत बाळाला उघडं ठेवलंय?" दुसऱ्या दिवशी अंगठ्याएवढी कुंची आणि जुन्या धोतराचं दुपटं घेऊन हजर. म्हणाल्या, नवं कापड टोचतं. आमच्या फादरनी घरभेटीत पाहिलं आणि कुंचीचा फोटो काढून घेतला. आता दरवर्षी रंग बदलतो. यंदा मोरपिशी.

नौपाडा, ठाणे

इतिहासाची आवड आहे म्हणून थोडं. असा देखावा उभारण्याची गोष्ट १२२३ सालच्या नाताळापाशी जाते. इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने गव्हाण, गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणवून त्यापुढे मिस्सा करवली. मूर्ती नव्हत्या. बैल-गाढव शुभवर्तमानांत नाहीत, ते बायबलमधल्याच यशयाच्या पुस्तकातल्या ओळीवरून आले. २०२३ मध्ये याला ८०० वर्षं झाली.

आता ठाणेकरांसाठी. १३२१ मध्ये, म्हणजे ग्रेच्चोनंतर शंभर वर्षंही झाली नव्हती तेव्हा, फ्रान्सिसच्याच संघातला तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे साथीदार आपल्या ठाण्यात मारले गेले. पोर्तुगीज यायला अजून पावणेदोनशे वर्षं होती. तलावपाळीला सेंट जॉन चर्चवरून जाताना मला हे नेहमी आठवतं, आणि बरोबरच्यांना मी ते नेहमी ऐकवतो. ते आता रस्ता बदलतात.

कळवा

एक शंका. आमची मिस्सा आता संध्याकाळीच उरकते. मग बाळ घरी आल्यावर ठेवायचं की बारा वाजेपर्यंत थांबायचं? आमच्याकडे यावरून दोन पक्ष आहेत आणि दोन्हीकडे मतं समान.

घोडबंदर रोड, ठाणे

@कळवा, घरात सगळ्यात लहान जो असेल तो झोपायच्या आत ठेवा. त्याच्याच हातून ठेवायचं ना?

चरई, ठाणे (धागाकर्ती)

+१. आमच्याकडे नऊलाच ठेवतो आणि मग जेवतो.

उचलण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. आम्ही प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत ठेवतो, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. मूर्ती मऊ सुती कापडात गुंडाळायच्या, वर्तमानपत्रात नाही, शाई लागते. खोका माळ्यावर, पण बाथरूमच्या भिंतीला लागून नको. ठाण्याच्या पावसाळ्यात तिथे हमखास दमट होतं. पेंढा कुंड्यांत आच्छादन म्हणून घाला. ऐरोलीकर, तुमचं वाचून आत्ताच जुन्या माळा काढून ठेवल्या आहेत. त्या ई-कचऱ्यात द्यायच्या की भंगारवाल्याला?