मदत हवी आहे: दालनातले क्यूआर कोड अंध प्रेक्षकांना चालत नाहीत

खापरतुकडा
मंडळी, आमच्या संग्रहालयात प्रत्येक वस्तूशेजारी क्यूआर कोड लावलेत. अंध विद्यार्थ्यांचा गट आला तर सगळ्यांचे फोन गप्प! वरिष्ठांचं एकच पालुपद, "टचस्क्रीन घ्या." काय करू? जरा घाई आहे.

नीरक्षीर
गप्प म्हणजे? कोड सापडला नाही, की पान उघडूनही वाचलं गेलं नाही? टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर (पडद्यावरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय, म्हणजे स्क्रीन रीडर) चालू होतं ना?

उंटावरचा
सरळ ॲप करा. आम्ही केलं, जागोजागी बीकन (फोनला ब्लूटूथने इशारा देणारी छोटी उपकरणं) लावले. वस्तूजवळ गेलं की आवाज आपोआप सुरू.

नीरक्षीर
@उंटावरचा, दारात उभं राहून ॲप कोण उतरवून घेतं? आणि दाटीच्या दालनात शेजारच्या कपाटातली माहिती सुरू होते त्याचं काय?

उंटावरचा
नीट बसवले तर होत नाही. अनुभवाने सांगतोय.

खापरतुकडा
भांडू नका हो. कोड सापडत नव्हता हे खरं. शिक्षकांनी हात धरून दाखवला, पान उघडलं, तरी आवाज नाही. टॉकबॅक चालू होतं, बाकी सगळं वाचत होतं.

नीरक्षीर
पानावर आहे काय?

खापरतुकडा
माहितीपत्रकाची पीडीएफ. छापील पत्रक स्कॅन केलंय. मी यायच्या आधीचं आहे ते.

नीरक्षीर
घ्या, हे आधी सांगायचं ना! स्कॅन म्हणजे नुसता फोटो, त्यात अक्षरंच नाहीत. फोन वाचणार काय, कपाळ? मजकूर युनिकोडमध्ये टंकून साधं वेबपान करा. पानाच्या एचटीएमएलमध्ये (पान ज्यात लिहितात त्या खुणांमध्ये) भाषा मराठी अशी नोंदवा, नाहीतर भलत्याच उच्चारात वाचलं जातं.

पांढरीकाठी
मी स्वतः स्क्रीन रीडर वापरतो. टंकताय तर वर्णनही बदला. "प्राचीन कलेचा अप्रतिम नमुना" ऐकून मला काय कळणार? असं लिहा: गुडघ्याएवढा रांजण, गळा मुठीएवढा अरुंद, खांद्यावर बोटाने ओढलेल्या तीन आडव्या रेघा, बुडाला एकाच बाजूने काजळी. आता रांजण माझ्यासमोर आला.
कोडभोवती हाताला लागेल अशी उठावाची चौकट हवी, आणि सगळे कोड एकाच उंचीवर. कोडच्या मागे एनएफसी टॅग (फोन जवळ नेला की पान उघडणारी चिकटपट्टी) लावलात तर कॅमेरा रोखायची कटकट नाही. फक्त फोन साधारण ४ सेंमीच्या आत न्यावा लागतो. नुसत्या ब्रेलवर विसंबू नका, आमच्यात ती न येणारे पुष्कळ.

धातुशोधक
विषय निघालाच आहे तर, दगडी मूर्तीवरची बुरशी कशी काढावी?

नीरक्षीर
विषय कुठे निघालाय? वेगळा धागा काढा.

चाकोरीबाहेर
टचस्क्रीन घेतलीच तर बटणं १.२ मीटरच्या वर नकोत, व्हीलचेअरवरून हात पोचत नाही. गुळगुळीत काचेवर अंध माणसाला बटण सापडायचं कसं? हेडफोनची सोय आणि उठावाच्या कळा आधी विचारा.
आणि ऑडिओच्या नादात कर्णबधिरांना विसरलात. कोडमागे सांकेतिक भाषेतला व्हिडिओही ठेवा. जन्मतः कर्णबधिर असलेल्या बऱ्याच जणांची तीच पहिली भाषा असते, त्यांना लांबलचक लिखित मजकूर जड जातो. पानावर फिकट राखाडी अक्षरंही नकोत; अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर निदान ४.५:१ हवं.

खापरतुकडा
बापरे. टंकायला माणूस नाही. ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर) चालेल का?

नीरक्षीर
चालेल, पण जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

पांढरीकाठी
आधी एकाच कपाटाचं करा आणि त्याच मुलांना परत बोलवा. तुमचं तुम्ही तपासू नका, तुम्हाला दिसतं.

उंटावरचा
ॲपचा विचार करा तरी.